तुझ्या भावाची तार नेमकी कुठे तुटते?

ताई,

मी डोंबिवलीत राहते, वय २४. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं आणि दोन वर्षांपासून ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. साडेतीन वर्षांचा असताना त्याला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे श्रवणाच्या मज्जातंतूला वीज देऊन ऐकवणारं यंत्र, बसवलं. आता तो नववीत आहे, छान बोलतो. पण गेल्या वर्षी त्याचा बाहेरचा, आवाज टिपणारा प्रोसेसर बदलायला बाबांना पतपेढीचं कर्ज काढावं लागलं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, आपल्या लोकांना परवडेल असं इम्प्लांट बनवायचं. नोकरी सोडून पूर्ण वेळ त्यालाच लागावं असं वाटतं. पावसाळ्यात प्रोसेसर सुकवायला मी छोटा पंखा, हीटर आणि आर्द्रतेचा सेन्सर बसवून एक डबा केलाय. त्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, लोकांना आवडला. मैत्रीण म्हणते, आधी पेटंट घे. बाबा म्हणतात, 'एकाच्या कानापायी दुसरीचं आयुष्य पणाला लावायचं नाही.' भाऊ (त्याच्या कॉइलची, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची, तार दर चार-पाच महिन्यांनी जाते, दर वेळी त्याच जागी, पण तो विषय वेगळाच) म्हणतो, 'तू कर, पण मला मध्ये घेऊ नकोस.' घरी आल्या आल्या तो मशीन काढून ठेवतो, त्यावरून आमचं रोज वाजतं. मला संशोधक व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

– एक वाचक, डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा कंसातल्या त्या वाक्यापाशी थांबले. तार दर चार-पाच महिन्यांनी जाते, आणि दर वेळी त्याच जागी. 'तो विषय वेगळाच' म्हणून तू पुढे निघून गेलीस. पोरी, मला विचारशील तर तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच आहे. नोकरी, पेटंट, बाबा, सगळ्यांकडे येते. पण सुरुवात तारेपासून करू दे.

या यंत्राचा इतिहासच मुळी तुटलेल्या तारेचा आहे. १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या मज्जातंतूपाशी तारेची एक छोटी गुंडाळी बसवली आणि बाहेरून तिला वीज दिली. जूर्नो शरीरातल्या विजेचे अभ्यासक, एरिएस कानाचे शल्यविशारद. त्या माणसाला आवाज जाणवले, बोलण्याची लय कळली, थोडे शब्दही ओळखू आले. मग यंत्र बंद पडलं, कारण आतल्या तारेचा जोड तुटला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करून दुसरं बसवलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा बसवायला एरिएस तयार झाले नाहीत आणि दोघांची जोडी फुटली.

त्या प्रयोगाची बातमी मात्र लांब पोचली. लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस या कानाच्या डॉक्टरांना एका रुग्णानं त्याबद्दलचं कात्रण आणून दिलं. १९६१ मध्ये हाउसनी पहिली इम्प्लांट बसवली, आणि ती काढूनही टाकावी लागली, कारण शरीरानं ती मानवून घेतली नाहीत. पुढे जॅक अर्बन या इंजिनिअरला सोबत घेऊन ते त्याच कामाला चिकटून राहिले. त्यांच्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८४ साली. कान आणि नाक-घशाच्या डॉक्टरांत त्यांना वेड्यात काढणारेही पुष्कळ होते.

मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी, कारण तीही घरातूनच सुरू होते. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाइकाला दुकानात सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलावं लागायचं, ते लहानग्या ग्रॅमनं पाहिलं होतं. १९६७ च्या सुमाराला त्यांनी या विषयावर संशोधन सुरू केलं. अनेक वर्षं एक प्रश्न सुटेना: कानातला शंख अडीच-पावणेतीन वेढ्यांचा, त्यात इलेक्ट्रोडची नाजूक पट्टी न दुखवता आत सारायची कशी? १९७७ मध्ये सुट्टीवर असताना समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताची पाती घालून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाकडे लवचीक होत जाणारं पातं वळणं घेत आत गेलं. पट्टी तशीच करायची, हे तिथं सुटलं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांच्या पहिल्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली.

गवताच्या पात्याची गोष्ट सगळे सांगतात. त्याआधीची दहा वर्षं कुणी सांगत नाही. आणि ती दहा वर्षं झालेली नसती तर हातातलं गवत हे गवतच राहिलं असतं.

तुला स्वस्त इम्प्लांट बनवायचंय. इच्छा खरी आहे, मी तिला हसणार नाही. पण ते काय चीज आहे ते नीट बघ. आतला भाग मुलाच्या कवटीच्या हाडावर बसतो आणि शक्यतो जन्मभर तिथेच राहायचा असतो. त्याला स्वतःची बॅटरी नसते. बाहेरच्या कॉइलमधून वीज आणि संदेश दोन्ही त्वचेतून आत जातात. आतल्या सर्किटला शरीरातल्या खारट ओलाव्यापासून वर्षानुवर्षं कोरडं ठेवायचं आणि तरीही बारीक बारीक तारा त्या डबीतून बाहेर काढायच्या. ही एक गोष्टच माणसांचं उभं आयुष्य खाते. वर प्रत्येक विद्युत-स्पंद धन आणि ऋण असा समतोल ठेवावा लागतो, नाहीतर इलेक्ट्रोड झिजतात आणि आजूबाजूच्या पेशींना इजा होते. निरोगी कानात श्रवणाच्या मज्जातंतूचे साधारण ३०,००० धागे असतात. आजची इम्प्लांट हे सगळं काम १२ ते २२ इलेक्ट्रोडवर भागवतात. एवढ्यावर तुझा भाऊ मराठीत तुझ्याशी भांडतो, हे मला आजही थक्क करतं.

आणि समज, उद्या तू ते बनवलंसही. दोन वर्षांच्या बाळाला बसवलेलं यंत्र त्याच्या साठाव्या वर्षीही कुणीतरी दुरुस्त करायला हवं, त्याला जोडेल असा प्रोसेसर बनवत राहायला हवं. म्हणजे तू एक वस्तू विकत नसतेस, साठ वर्षांचा शब्द देत असतेस. तो शब्द चोवीस वर्षांच्या एकट्या मुलीनं डोंबिवलीच्या खोलीतून देऊ नये. तुझ्यात बुद्धी कमी आहे म्हणून हे म्हणत नाही. तो शब्द एकट्यानं पाळता येत नाही, म्हणून म्हणते.

मी स्वतः २८ वर्षं रुग्णालयातली उपकरणं बनवण्यात काढली. कानाची इम्प्लांट माझ्या हातून झाली नाहीत. मी वॉर्डातल्या यंत्रांची माणूस. पण एक प्रसंग सांगते, कारण तुझ्या तारेशी त्याचा संबंध आहे. माझ्या हातचं पहिलं यंत्र सलाईनचा वेग सांभाळणारं होतं. सगळ्या चाचण्या पास. बटणांवर हजारो वेळा दाब देऊन झाला होता. वॉर्डात दिलं आणि दोन महिन्यांत अर्धी यंत्रं परत आली. बटणं लागत नव्हती. आम्ही ऑफिसात बसून बटण बनवणाऱ्याला दोष देत राहिलो. शेवटी मी एका रात्री त्या वॉर्डात जाऊन बसले. पहाटे चारला सिस्टर आली, हात स्पिरिटनं पुसले आणि ओल्याच बोटांनी बटण दाबलं. दर वेळी तसंच. बटणावरच्या पातळ पापुद्र्याच्या कडेतून स्पिरिट आत झिरपत होतं. आमच्या चाचणीतली बोटं कोरडी होती. ती चूक माझी होती, कारण यंत्र वापरणाऱ्या माणसाला मी ते बनवण्याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी कुठलंही काम वॉर्डात बसल्याशिवाय सुरू केलं नाही.

तू मात्र गेली ११ वर्षं वॉर्डातच बसलीयस. तुझं घर हाच वॉर्ड आहे. म्हणून त्या तारेकडे बघ.

जुन्या तुटलेल्या तारा टाकून दिल्या नसशील अशी आशा आहे. असतील तेवढ्या काढ. प्रत्येक तार वेगळ्या पाकिटात, वर तारीख: कधी लावली, कधी गेली, कुठला महिना. मग भिंगाखाली तिचं आवरण उभं चिरून तुटलेली जागा बघ. तांब्याचे बारीक धागे हिरवट-काळपट दिसले तर घाम किंवा ओलावा आत गेलाय. धागे स्वच्छ, चकचकीत आणि एकाच रेषेत तुटलेले दिसले तर ती तार वाकून वाकून थकलीय. दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी. पहिल्यात जोडाजवळ पाणी आत शिरण्याची वाट बंद करावी लागते. दुसऱ्यात ताण एका बिंदूवर न येता लांबीभर पसरेल असं काहीतरी करावं लागतं. चार्जरच्या वायरीला प्लगपाशी खाचा असलेली रबरी बाही असते ना, तिचं कामच ते.

तुटायची जागा कुठली? कॉइलच्या अगदी लगत, की प्रोसेसरच्या टोकाला? भाऊ दप्तर कुठल्या खांद्यावर घेतो? झोपताना मशीन घालतो का? आणि हे मुद्दाम विचारते: घरी आल्यावर तो ते काढतो कसं? कॉइल बोटांत धरून, की तारेला धरून ओढतो? बरीच मुलं तारेला धरूनच काढतात, आणि घाईत किंवा रागात असली तर हमखास. दारातच तू 'मशीन काढू नकोस' म्हणून सुरू करतेस आणि तो ते उपसून टेबलावर टाकतो, असं काही होत असेल तर तुमच्या रोजच्या भांडणाचा आणि तारेचा हिशेब एकाच वहीत लिहावा लागेल. मी पाहिलेलं नाही, अंदाज करतेय. तू पाहू शकतेस.

त्याच्या चालू यंत्राला मात्र हात लावायचा नाही. ना नवी तार घरी बनवून लावायची, ना आवरण बदलायचं. त्या तारेतून जाणारा संदेश आणि वीज त्या यंत्रासाठी मोजून ठरवलेली असते. प्रयोग फक्त मेलेल्या तारांवर. लॅमिंग्टन रोडला जाऊन एक छोटी सर्वो मोटर, आर्डुइनो बोर्ड आणि तशाच जाडीच्या थोड्या तारा आण. मोटरच्या दांड्यानं तार दोन्ही बाजूंना वाकवत राहायचं, तारेतून बारीक प्रवाह सोडायचा, आणि तो तुटला की मोजणी थांबवायची. किती वेळा वाकल्यावर तुटली? बाही लावल्यावर किती? बाहीची लांबी दुप्पट केल्यावर किती? तू टेस्टिंगवाली आहेस, हे तुला शिकवायला नको. दिवाळीपर्यंत तुझ्या हातात तीस-चाळीस तारांचे आकडे असतील. ते आकडे घेऊन तू कुठल्याही डॉक्टरासमोर, कुठल्याही कंपनीत ताठ मानेनं बसू शकतेस.

मग शनिवार. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून गरीब घरच्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळतं, २०१४ च्या सुधारित नियमांत एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. त्या कामाची सूत्रं या संस्थेकडे आहेत. मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑडिओलॉजीचं, म्हणजे श्रवणशास्त्राचं, शिक्षणही आहे आणि बाह्यरुग्ण विभागही. रीतसर अर्ज कर, तुझी नोकरी आणि भावाची हकीकत दोन्ही लिही, आणि मॅपिंगच्या वेळी, म्हणजे प्रोसेसर त्या त्या मुलाला जुळवून देतात तेव्हा, कोपऱ्यात बसायची परवानगी माग. शनिवारी मॅपिंग नसेल तर महिन्यातून एक रजा टाक. एका ठिकाणाहून नकार आला तर दुसरीकडे माग. आईवडील, मूल आणि ऑडिओलॉजिस्ट एका खोलीत बसलेले असताना जे कानावर पडतं ते कुठल्या पुस्तकात नाही. शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून मिळाले, पण नंतरच्या तारेचे, बॅटरीचे, दुरुस्तीचे कुठून आणायचे, हा प्रश्न घेऊन लोक येतात. तार गेली आणि पुढच्या पगारापर्यंत मूल घरात गप्प बसलं, असं तुला ऐकायला मिळेल. स्वस्त इम्प्लांट हे स्वप्न राहू दे. पण जे इम्प्लांट आज डोक्यात बसलंय ते तारेअभावी मुकं पडू नये, एवढंच काम केलंस तरी शेकडो घरांत उजेड पडेल.

आता तुझा डबा. मन खट्टू होऊ देऊ नकोस, पण प्रोसेसर सुकवायच्या डब्या बाजारात आहेत. सिलिका जेलच्या आहेत, विजेवर चालणाऱ्याही आहेत. भावापुरता तो उत्तम आहे, वापरत राहा. फक्त हीटरचं तापमान मोज. प्रोसेसर आणि बॅटरी जास्त उष्णतेनं खराब होतात, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात जी मर्यादा दिलीय तिच्या आत राहा.

पेटंटबद्दल मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पेटंटला गोष्ट नवी असावी लागते. तू स्वतः जगाला दाखवलेली गोष्ट अर्ज करायच्या दिवशी सहसा नवी राहत नाही, म्हणून डब्याचा विषय त्या व्हिडिओबरोबरच जवळजवळ संपला. तारेच्या बाबतीत तसं होऊ देऊ नकोस. चित्र, मोजमाप, व्हिडिओ काहीही कुठे टाकायचं नाही. कॉलेजच्या ग्रुपवरसुद्धा नाही. उपाय खरोखर सापडला तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो. ऑनलाइन केला तर एकट्या व्यक्तीला त्याची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण मसुदा द्यायला १२ महिने मिळतात. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. पूर्ण मसुदा मात्र जाणकार पेटंट एजंटाकडूनच लिहून घे, तिथे पैसे वाचवू नकोस. आणि उपचाराच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकतं, हेही लक्षात असू दे.

त्याआधी एक काम आज रात्रीच कर. तुझ्या आयटी कंपनीचं नेमणूकपत्र काढून वाच. नोकरीत असताना केलेला कुठलाही शोध कंपनीचा, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. शब्द काय आहेत ते बघ, आणि काहीही झालं तरी या कामाला ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ऑफिसची वेळ वापरू नकोस.

पेटंटाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या ब्लेक विल्सन यांनी आवाजाचं विद्युत-स्पंदांत रूपांतर करायची एक पद्धत शोधली. स्पंद सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम न देता आळीपाळीनं द्यायचे, म्हणजे ते एकमेकांत मिसळत नाहीत. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे इम्प्लांट घातलेल्या लोकांना बोलणं कितीतरी स्पष्ट कळू लागलं. ती पद्धत त्यांच्या संस्थेनं सगळ्यांसाठी खुली ठेवली. २०१३ मध्ये क्लार्क, विल्सन आणि व्हिएन्नाच्या इंगेबोर्ग होखमायर या तिघांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. होखमायर तुझ्यासारख्याच इलेक्ट्रॉनिक्सकडच्या. पती एर्विन यांच्यासोबत त्यांनी अनेक वाहिन्यांचं इम्प्लांट बनवलं, डिसेंबर १९७७ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं गेलं, आणि पुढे स्वतःची कंपनी उभी केली. एकानं शोध खुला ठेवला, दुसरीनं कंपनी काढली. दोन्ही वाटांनी मुलं ऐकू लागली. तुझी वाट कुठली हे ठरवायची आज गरज नाही.

नोकरी. सोडू नकोस, बदल. तुझ्या बाबांचं मला पटतं, निदान अर्धं तरी. घरात कर्ज चालू असताना बिनपगारी स्वप्नाला बसलीस तर सहा महिन्यांत त्या स्वप्नाचाच राग यायला लागेल. पण सॉफ्टवेअर टेस्टिंग वैद्यकीय उपकरणांत सरळ उपयोगी पडतं, हे तुला बहुतेक कुणी सांगितलेलं नाही. उपकरणातल्या सॉफ्टवेअरला आयईसी ६२३०४ नावाचं वेगळं मानक आहे, जोखीम तपासायला आयएसओ १४९७१, कंपनीच्या गुणवत्तेच्या घडीला आयएसओ १३४८५. या तिन्हींची भाषा शीक. अंधेरी, वसई, रबाळे-महापे या पट्ट्यात उपकरणं बनवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत, आणि रबाळे तर तुझ्या ऐरोलीच्या पुढचंच स्टेशन. तिथे व्हॅलिडेशन (उपकरण ठरल्याप्रमाणे चालतं याची पडताळणी) किंवा क्वालिटीत नोकरी शोध. सुरुवातीला पगार आयटीपेक्षा कमी मिळेल, हे घरी आधीच सांगून ठेव. तिथली पहिली दोन वर्षं कागदपत्रं भरण्यात जातील आणि तुला वाटेल, मी शोध लावायला आले होते, इथे फॉर्म भरतेय. भर. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम २०१८ पासून लागू आहेत, जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. तारेला लावायची साधी क्लिपसुद्धा त्या नियमांत येऊ शकते. हे ज्याला कळतं त्याचा शोध रुग्णापर्यंत पोचतो. बाकीच्यांचे कपाटात राहतात.

एम.टेक. करायचं मनात असेल तर गेट या प्रवेशपरीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, आणि पवईला आयआयटीत ते शिक्षण आहे. तिथेच बेटिक नावाचं केंद्र २०१४ साली राज्य सरकारच्या मदतीनं सुरू झालं. डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. पुढे कल्पना पक्की झाली की केंद्र सरकारच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंतचं असतं. पण अनुदानाचा अर्ज लिहायची घाई करू नकोस. आकडे नसलेले अर्ज मी परीक्षक म्हणून वाचलेत, ते पहिल्या पानावरच कळतात.

आणि एक डॉक्टर शोध. वर सांगितलेल्या जोड्या आठव: जूर्नो-एरिएस, हाउस-अर्बन. आपल्याकडे तिरुवनंतपुरमला डॉ. वल्यथान यांच्या पुढाकारानं हृदयाची चित्रा झडप बनली, तिथेही शल्यविशारद आणि इंजिनिअर एका छताखाली होते. पहिली मॉडेलं नापास झाली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसली. मोठ्या नावाच्या डॉक्टरामागे धावू नकोस. नुकता शिकून बाहेर पडलेला, प्रश्नानं अस्वस्थ होणारा, तुझे फोन उचलणारा एखादा ईएनटी किंवा ऑडिओलॉजिस्ट पुरे.

यश मिळालं तरी ते टिकतंच असं नाही, हेही ऐकून ठेव. जेफ्री बॉल या अमेरिकन इंजिनिअरला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. मधल्या कानातल्या हाडाला चिकटवायचं, स्वतः थरथरून ते हाड हलवणारं इवलंसं यंत्र त्यानं शोधलं. त्यासाठी कंपनी निघाली, २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि दोन-तीन वर्षांतच कंपनी बंद पडली. २००३ मध्ये होखमायर यांच्या कंपनीनं ते तंत्र घेतलं म्हणून ते जगलं. स्वतः बॉलही पुढे त्याच यंत्रावर काम करत राहिला. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

राहिला भाऊ. 'मला मध्ये घेऊ नकोस' हे त्याचं वाक्य तू तक्रारीसारखं लिहिलंयस. मला ते फार समंजस वाटलं. साडेतीन वर्षांचा असल्यापासून त्याचा कान हा घराचा विषय आहे. शस्त्रक्रिया, मॅपिंग, थेरपी, कर्ज, आणि आता ताईचं करिअरही त्याच्याच कानावर. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हे ओझं फार आहे. वर्गातला गोंगाट, लोकलमधला खडखडाट, रिक्षांचे हॉर्न, यातून शब्द वेचून काढायला त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मेहनत पडते. संध्याकाळी मशीन काढून शांत बसतो, ती त्याची विश्रांती आहे. त्याला ती घेऊ दे. मशीन रोज किती वेळ घालायचं याची शंका असेल तर त्याच्या ऑडिओलॉजिस्टला विचार, दारात उभी राहून त्याला नको. तो शांत बसलेला असताना त्याच्याशी काही बोलायचं असेल तर समोर बस, उजेडात, किंवा लिहून दाखव.

तारेचं काम करायचं तर त्याची परवानगी लागेल. एकदाच विचार, सरळ: तुझ्या जुन्या तारा मी उघडून बघू का? नाही म्हणाला तर वांद्र्याच्या संस्थेत येणाऱ्या पालकांकडून तुटलेल्या तारा मागता येतील, ती अडचण नाही. हो म्हणाला तर त्यालाही एक भिंग दे आणि तुटलेली जागा आधी त्याला बघू दे. रोज ते यंत्र तो घालतो. तार कशानं जाते याचा त्याचा अंदाज तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मला वाटतं, ११ वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलंच नाही.

पहिल्या दहा तारांचे आकडे आले की मला पुन्हा लिही. तुटायची जागा मिलिमीटरमध्ये मोजून, कॉइलच्या कडेपासून.

तुझी,
ताई